पुठ्ठ्याचे खांब

ॲन आर्बरमधल्या आमच्या शेजारच्या अमेरिकन आजी वृद्धाश्रमात जायला निघाल्या, तेव्हा त्यांनी आपल्या पणजोबांचा फोटो माझ्या हाती दिला. फोटो घोडागाड्यांच्या काळातला. दाढीवाले गृहस्थ पेशाने दुकानदार, पण जीव सगळा दगडांत अडकलेला. एका हातात भिंग, मांडीवर शिंपल्याचा ठसा असलेला दगड आणि मागे पडक्या देवळाचे खांब.

"खांब पुठ्ठ्याचे आहेत हं, स्टुडिओतले," आजी हसून म्हणाल्या. "ते मिशिगनबाहेर कधी गेलेच नाहीत. दगड मात्र खरा, त्यांनी स्वतः शोधलेला."

आजींना मूलबाळ नव्हतं. आमच्या हॉलमध्ये माझ्या वडिलांचा चंदनाचा हार घातलेला फोटो आहे, तो त्या नेहमी निरखून बघायच्या. "तुम्ही लोक गेलेल्या माणसांना सांभाळता. यांनाही सांभाळा."

मी हो म्हणालो. हो म्हणायला आपलं काय जातं! फोटो बेसमेंटमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवला आणि साफ विसरलो.

गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. वृद्धाश्रमाची गाडी सोडणार होती, जेवायच्या सुमारास पोचणार होत्या. फोन ठेवून मी बायकोला सांगितलं.

"अहो, बघत काय बसलात? तो फोटो आणा आधी!" बायको म्हणाली. "क्लीन करून बाबांच्या शेजारी लावा."

काचेवर बुरशी चढली होती. घासूनपुसून फोटो लावला, तरी हाराशिवाय तो आताच टांगल्यासारखा दिसत होता. घरात हार एकच. मी बाबांचा हार काढला आणि त्या परक्या माणसाला घातला. मला लाज वाटली, पण घातला.

आजी फोटोसमोर उभ्या राहिल्या. डोळे भरून आले त्यांचे. मग नजर शेजारच्या बाबांकडे गेली आणि तिथेच थांबली.  नंतर वरणभात आवडीने जेवल्या.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "वडिलांचा हार त्यांना परत दे. माझ्या पणजोबांना खोट्या देखाव्याची सवय आहे."

मला मान वर करवेना.

"फक्त त्यांना पुन्हा खाली ठेवू नकोस. फोटोला बेसमेंटचा वास येतोय. आणि माझ्यामागे त्यांना कोणी नाही रे."

गाडी वळल्यावर मी हार बाबांना घातला. पणजोबा शेजारीच आहेत. सकाळची उदबत्ती आता दोघांनाही ओवाळतो. पणजोबांकडे बघता येतं, बाबांच्या नजरेला नजर देणं अजून जमत नाही.