पडला वहिनी, लिही

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही वाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहायचं म्हणजे कॅलेंडरवर दुधाचा हिशोब आणि कधीतरी रेशनच्या फॉर्मवर सही. मुलीची एक जुनी वही अर्धी कोरी होती, तिच्यात लिहिते आहे. घरात चार माणसं आली तरी मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, तेव्हा हे कोणाला वाचून दाखवीन असं वाटत नाही. पण माझ्या दिराबद्दल, हरेशभावजींबद्दल, यार्डात जे बोललं गेलं ते खोटं होतं. खरं काय ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहून ठेवते.

गौरी-गणपती होऊन आठ दिवस झाले होते. भावजी सकाळच्या पाळीला निघाले होते. बूट घालता घालता ओट्यावर बसले आणि म्हणाले, “वहिनी, छातीत जळजळतंय. कालचं कालवण तिखट व्हतं.” मी आतूनच म्हटलं, “तीन वेळा मागून घेतलंत, तवा न्हाय लागलं तिखट?” ते हसले. मी ओवा दिला, गरम पाणी दिलं, जरा पडा म्हटलं आणि परत भाकऱ्या टाकायला बसले. शेवटची भाकरी तव्यावर होती तेव्हा सासूबाईंची हाक आली... पनवेलच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला किती वाजता लागलं? मला सांगता आलं नाही. त्यांच्या ऑफिसातलं एक मशीन किती वाजता बंद पडतं ते मी एकदा नऊ दिवस मिनिटासकट लिहून ठेवलं होतं, ते पुढे सांगते. घरच्या माणसाला कळ किती वाजता आली, तिकडे मात्र मी घड्याळात पाहिलं नाही.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा भावजी सातवीत होते. मिठागरं तेव्हाच बंद पडत चालली होती आणि आमचे हे ट्रेलरवर क्लीनर म्हणून जायला लागले होते. सातवीतल्या पोराला मी ‘अहो भावजी’ म्हणायचे, त्याची त्यांना लाज वाटायची. “वहिनी, मास्तरसमोर तरी अरे म्हण,” असं म्हणायचे. मला काही ते जमलं नाही. मोबाईल आला तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये प्रत्येक माणसाच्या नावापुढे त्यांनी त्याचा फोटो लावून दिला, कारण मी नाव वाचेपर्यंत घंटी थांबायची. बारावीनंतर पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि न्हावा शेवाच्या बंदराबाहेर जे कंटेनरचं यार्ड आहे, तिथे ठेकेदारामार्फत लागले. तिथले सगळे कॉम्प्युटर, वायरी, मशीनं त्यांच्या अंगावर. आमचे हे आता स्वतः ट्रेलर चालवतात आणि त्याच यार्डात माल उतरवतात. दोघं भाऊ एकाच गेटातून आत जायचे, एक गाडी घेऊन आणि एक डबा घेऊन.

त्या ऑफिसात एक सर्व्हर होता, तो फक्त नावं सांगायचं काम करायचा. भावजींनी मला ते माझ्याच मोबाईलवरून समजावलं होतं. माणसाला नाव लक्षात राहतं, मशीनला लागतो नंबर. गेटवरच्या कॉम्प्युटरने एखादं नाव विचारलं की हा सर्व्हर त्याचा नंबर सांगतो, मग पुढचं काम होतं. आणि एक होता फायरवॉल, म्हणजे वॉचमन. आतलं बाहेर जाताना, बाहेरचं आत येताना तो बघतो आणि वहीत लिहितो. होळी झाल्यावर चैत्रात या वॉचमनमध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकायचं ठरलं. ऑडिटवाल्यांनी सांगितलं होतं. भावजींनी ते टाकलं. ऑफिसचे साहेब शेजारी उभे होते. ते म्हणाले, “या वहीत नुसते नंबरच नंबर दिसतात, मला काय कळणार? नावं दिसू देत.” तशी सोय नव्या सॉफ्टवेअरमध्ये होती, एका चौकोनात टिक करायची. भावजींनी टिक केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नावं सांगणारा सर्व्हर पडला. तो पडला की गेटपास निघत नाही, गेटपास नाही म्हणजे गाडी आत नाही. ट्रेलरची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली. भावजींनी तो परत चालू केला, दोन तासांनी पुन्हा पडला. असं रोज. आमचे हे स्वतः त्या रांगेत असायचे आणि त्यांच्यासमोर बाकीचे ड्रायव्हर ओरडायचे, “काय रं हरेश, झोपला काय तुझा डबा? देवीला नवस बोल, कोंबडा दे!” हे घरी येऊन सांगायचे तेव्हा सासूबाईंना हसू यायचं. भावजींना नाही यायचं.

त्यांनी काय काय केलं नाही. एसी कमी पडतो म्हणून पंखा लावला. व्हायरस असेल म्हणून सगळं पुसून सर्व्हर नव्याने उभा केला. मेमरी वाढवली, तर दोनच्या ऐवजी तीन तासांनी पडला. साहेबांना म्हणाले, जुनं सॉफ्टवेअर परत टाकून बघू या. साहेब म्हणाले, ऑडिटचा कागद गेलाय, मागे जायचं नाही. सर्व्हर पडला की त्याची स्वतःची नोंदही अर्धवट राहायची, आणि भावजी एकटे. इकडे मशीन चालू करायला पळा, तिकडे गेटवर पळा. वही घेऊन बसायला सवड नव्हती. म्हणून ते मला फोन करायचे. एवढंच बोलायचे, “पडला वहिनी, लिही.” मी भिंतीवरच्या घड्याळात बघायचे आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात, दुधाच्या लिटराखाली, वेळ लिहायचे. सुरुवातीला मी विचारलं होतं, “मीच कशाला?” तर म्हणाले, “तू कधी विसरत न्हाईस, आनि परत विचारत पन न्हाईस.” नऊ दिवसांत चौकोन असे भरले की दूध किती घेतलं ते दिसेना. दूधवाल्याशी माझं भांडणच झालं असतं, पण मी कधी भांडत नाही.

त्या नऊ दिवसांतच आमच्या देवीची जत्रा आली. त्या दिवशी आमच्या पट्ट्यातला एकही ट्रेलर हलत नाही. गाड्या धुऊन, हार घालून गावाबाहेर ओळीने उभ्या असतात आणि ड्रायव्हर पालखीपुढे नाचत असतात. यार्डाचं ऑफिस मात्र चालू होतं, मंगळवार होता. भावजींनी जत्रा सोडली आणि कामावर गेले. मी पुरणाच्या पोळ्या लाटता लाटता फोनकडे बघत होते. फोन आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन कॅलेंडरसमोर उभे राहिले. “वहिनी, काल तू काय लिवलं न्हाईस?”

“तुमी सांगितलंच न्हाय तर काय लिवू?”

“म्हंजे काल पडलाच न्हाय,” ते म्हणाले. मग बोट ठेवून एकेक चौकोन बघत गेले. रविवारी एकदाच पडला होता. शनिवारी, जहाज लागलं होतं त्या दिवशी, पाच वेळा. चहावर साय धरली. “ऑफिसात मानसं तीच व्हती, गरमी तीच, लाईट तीच. काल फक्त गाड्या नव्हत्या...” असं म्हणून कप तसाच ठेवून ते गेले.

त्या दिवशी त्यांनी सर्व्हर का पडतो ते शोधायचं सोडलं आणि त्याला एवढं विचारतं कोण ते बघितलं. गेटच्या कॉम्प्युटरपेक्षा, ऑफिसातल्या सगळ्यांपेक्षा जास्त विचारत होता तो वॉचमन. संध्याकाळी घरी येऊन मला सांगितलं ते असं. वॉचमनला आता वहीत नावं लिहायची होती. म्हणून त्याच्यासमोरून काही गेलं की तो नंबर दाखवून नावं सांगणाऱ्याला विचारी, हा कोण? नावं सांगणाऱ्याला बाहेरची नावं पाठ नसतात, तो बाहेर विचारायला माणूस पाठवी. तो माणूस वॉचमनसमोरून जायचा, की वॉचमन पुन्हा विचारी, आता हा कोणाकडे निघाला? त्याचं उत्तर आणायला पुन्हा माणूस... पुन्हा प्रश्न. जेवढ्या गाड्या, तेवढे गेटपास, तेवढे प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्नाला आणखी प्रश्न. शेवटी नावं सांगणाऱ्याचं डोकं भरून तो आडवा पडायचा. त्यांनी टिक काढली. दुपारी गाड्यांची गर्दी झाली, सर्व्हर उभा राहिला. तेव्हा फोन आला होता. “वहिनी, आज लिवू नको.”

मला वाटलं, आता बढती देतील. भावजींनी रिपोर्ट लिहिला आणि त्यात खरं ते लिहिलं, की ती टिक मी केली होती. साहेबांनी सांगितली होती हेही लिहिलं. चौकशीत साहेब म्हणाले, मी असं काही बोललो नाही. मग राहिलं एकच वाक्य, टिक मी केली. गाड्या अडकल्या त्याचा दंड ठेकेदारावर आला आणि ठेकेदाराने तो भावजींच्या पगारातून दर महिन्याला कापायला सुरुवात केली. मी एकदाच विचारलं, “तुमी ते कशाला लिवलंत? मशीनचीच चूक व्हती म्हनायचं.” ते म्हणाले, “पुढच्यानं परत टिक केली तर? लिवायला तर लागनारच ना.” सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना कळवा, ही त्यांची चूक आहे, असं त्यांनी साहेबांना तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, विषय संपला.

विषय संपला नाही. यार्डात कोणाचा माऊस चालला नाही तरी म्हणायचे, हरेशने टिक केली असेल. पुढचे पाच महिने मी त्यांना बघत होते. जेवायचे, हसायचे, पण पगाराच्या दिवशी सासूबाईंच्या हातात पैसे देताना खाली बघायचे. सासूबाईंना कापल्याचं सांगितलं नव्हतं, मशीनवर खर्च झाला म्हणायचे. त्यांच्या लग्नाची बोलणी चालू होती, ती त्यांनीच थांबवली. पाचवा पगार कापून आला आणि सहाव्याच्या आधी ते गेले.

दसऱ्याच्या आधी एक मुलगी घरी आली. भावजींच्या जागेवर तीच लागली होती, पेणची. साहेबांची बदली झाली होती आणि कपाट आवरताना तिला भावजींचा रिपोर्ट सापडला. तिने तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं की दोष आमच्या सॉफ्टवेअरमध्येच आहे, तुमच्या माणसाने बरोबर शोधलं, पुढच्या वेळी दुरुस्त करून देऊ. ती मुलगी पाण्याचा पेला हातात धरून रडत होती. “वहिनी, मी त्यांना बघितलं पण नाही,” म्हणत होती. मला रडता येईना. मी तिच्यासाठी चहा टाकला.

ते उत्तर आल्यावर यार्डाच्या ऑफिसातून बोलावणं आलं. सासूबाई, आमचे हे आणि मी गेलो. हिशोब बघणाऱ्या माणसाने चेक पुढे केला, सासूबाईंच्या नावाचा, कापले होते तेवढ्याच पैशांचा, आणि सहीला कागद दिला. हे सासूबाईंचा हात धरून अंगठा लावायला निघाले. मी कागद वाचत होते. मला वेळ लागतो. त्यावर लिहिलं होतं, ‘मयत कर्मचाऱ्याच्या कुटुंबास सहानुभूतीपूर्वक मदत’. मी म्हटलं, “ही मदत न्हाय.”

हे दबक्या आवाजात म्हणाले, “गप ऱ्हा. मला हितंच गाडी आनायची हाय.”

मी कागद टेबलावर परत ठेवला. परक्या पुरुषासमोर मी आजवर बोलले नव्हते. “त्यांचा कापलेला पगार हाय तो,” मी म्हटलं. “तसं लिवा. मग आई अंगठा देतील.”

तो माणूस म्हणाला, “ताई, पैसे तेवढेच आहेत. शब्दांनी काय फरक पडतो?”

“पडत न्हाय तर बदला,” मी म्हटलं. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, वरून विचारावं लागेल. आम्ही चेक टेबलावर ठेवून निघालो. गेटापर्यंत हे आम्हा दोघींच्या दहा पावलं पुढे चालत गेले. मी मनात म्हटलं, आता पैसेही गेले आणि ह्यांचं कामही जाईल, काय केलं मी हे... चार दिवस हे डबा न घेताच कामावर गेले. पाचव्या दिवशी ह्यांनी गाडी यार्डात लावली आणि आपण होऊन त्या माणसाच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला अजून सांगितलेलं नाही. घरी येऊन एवढंच म्हणाले, “उद्या आयेला घेऊन ये.”

नव्या कागदावर लिहिलं होतं, ‘वेतनातून चुकीने कापलेली रक्कम परत’. मी ते दोनदा वाचलं. मग सासूबाईंनी अंगठा दिला आणि आम्ही चेक बँकेत भरला. तीन दिवसांनी बँकेत गेलो आणि पासबुक भरून घेतलं. पाच महिन्यांचे कापलेले सगळे आले होते, एक रुपया कमी नाही. पैसे कसले ते सासूबाईंना आम्ही नीट सांगितलं नव्हतं, आणि मला वाटलं होतं, ऑफिसातल्या बोलण्यातून त्यांना कळलंही नसेल. बँकेच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, “हरेशचा पगार झाला काय गं?”

मी म्हटलं, “व्हय आई. पुरा झाला.”