डेअरीच्या रांगेतला पाहुणा

माझं लग्न मोडलं तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पसंती झाली होती, सुपारी फोडायचा दिवसही ठरला होता, आणि मुलाकडून निरोप आला, "आमचं जमत नाही." कारण सांगितलं नाही.

आई देव्हाऱ्यापुढं बसली. म्हणाली, "अंबाबाई बघतीया. ह्यातनं बी ती चांगलंच करंल."

"चांगलंच करायचं हुतं, तर आधी माझं हसं कशाला केलं?" मी विचारलं. आई वात सारत राहिली.

माझा संशय माणसांवर होता. आमच्याकडं सोयरीक पक्की होण्याआधी मुलाकडचा एखादा अनोळखी पाहुणा गुपचूप गावात येतो, आणि टपरीवर, पिठाच्या गिरणीत मुलीची चौकशी करून जातो. म्हणजे कुणीतरी काहीतरी सांगितलंच होतं. कोण? गिरणीवाला माझ्याशी नेहमीपेक्षा गोड बोलला, तर मला तो वाटे. मैत्रीण दोन दिवस आली नाही, तर ती. शेवटी संशय शेजारच्या काकूवर येऊन बसला. मी जयसिंगपूरच्या कॉलेजातून येऊन एसटीतून उतरताना तिनं मला वर्गातल्या मुलांशी बोलताना पाहिलं होतं आणि "कोन गं ती पोरं?" म्हणून विचारलंही होतं. तिच्याकडून विरजण आणायचं मी बंद केलं. आई मागायला निघाली, तरी मी अडवायची.

तेवढ्यात चुलते येऊन वडिलांना म्हणाले, "लई शिकवलंस, म्हणून मोडलं. आता कॉलेज बंद कर तिचं."

मी दाराआडून ऐकत होते. लग्न गेलं ते गेलं, आता कॉलेजही जाणार. वडील खाली बघत म्हणाले, "शिकूंदे की. आता कुठं लगीन हाय?" चुलते पायताण घालून निघाले. मला मात्र वडिलांचं ते खाली बघणंही खटकलं होतं.

मी पदवीधर झाले. कोल्हापुरात शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आईनं पेढे वाटले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "बघ." मी पेढा खाल्ला. कृतज्ञता मनात होती, पण ती कुणाच्या पायावर ठेवायची हे कळत नव्हतं.

गेल्या वर्षी हातकणंगल्याला चुलतभावाचं लग्न होतं. पंगतीत मी बुंदी वाढत होते, मागं आई भात घेऊन होती. वडिलांच्या शेजारी बसलेले एक फेटेवाले म्हातारे त्यांना निरखत होते.

"पावणं, तुमीच की ते! डेअरीत दुधाच्या रांगंत भेटलेलं!"

वडिलांचा घास थांबला.

"भाच्यासाटनं पोरीची चौकशी कराय आलतो. जयसिंगपूरला कॉलेजला जाती ती पोरगी कशी हाय, म्हनून तुमाला इचारलं. तुमी म्हनलासा, पोरगी गुणाची हाय, पर तिला शिकायचं हाय. आईबाच्या तोंडाकडं बघून व्हय म्हनालीया. घरात सांगितलं मी, आसलं जबरदस्तीचं नगं. तिचं फुडं काय झालं वो?"

"शिकली," वडील ताटात बघत म्हणाले.

"बरं झालं. ए पोरी, बुंदी वाढ की हितं."

मी वाढली. एका मुठीऐवजी दोन मुठी पडल्या.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "आबा, इतकी वर्षं बोलला का न्हाई?"

"काय बोलू? बापच पोरीचं लगीन मोडतोय म्हनून? त्यानं इचारलं आन् तोंडातनं गेलं. मग भ्यालो."

पुढच्या सीटवरून आई वळली. "त्यांच्या तोंडातनं अंबाबाई बोलली."

"तिला कशाला मधी वढतीस? मी बोललो."

"आन् आख्खं गाव सोडून त्या मामाला तुमच्याच म्होरं कुनी हुबं केलं?"

वडिलांनी खिडकीबाहेर बघितलं.  मी मात्र आईचं म्हणणं पहिल्यांदाच संशय न घेता ऐकलं.

घरी पोचल्यावर मी वाटी घेतली आणि शेजारी गेले.

"काकू, विरजण हाय?"

काकूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आलीस व्हय? मला वाटलं, तुमच्यात दही खायाचंच सोडलंय." आणि वाटी काठोकाठ भरली.