मी सापडले नव्हते

"ही पोर कचराकुंडीत सापडली."

दादासाहेबांनी माइकवर सांगितलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

अनाथाश्रमाचा वर्धापनदिन. हॉल गच्च भरलेला. धुळ्यातले डॉक्टर, वकील, पेढीवाले, त्यांच्या बायका. पुढे सोफे, मागे लोखंडी खुर्च्या. माझी माय आणि नाना सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे. त्यांना बसा म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

"अंगाला मुंग्या लागल्या होत्या," दादासाहेब म्हणाले. "जन्म देणारीनं टाकून दिलं. आपण उचललं. आज ती जळगावला सरकारी दवाखान्यात नर्स आहे. टाळ्या होऊ द्या."

टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पदर नाकाला लावला. ती रडत होती की तिला वास आला, मला अजून कळलेलं नाही.

मी पंचवीस वर्षांची होते. बाळंतपणाच्या वॉर्डात काम करत होते. रात्रंदिवस लोक मला सिस्टर, सिस्टर करत मागे फिरायचे. आणि तिथं स्टेजवर, एका वाक्यात, मी कचरा झाले.

संस्थेला नव्या खोल्या बांधून देणारे शेठ खुर्चीत बसले होते. दादासाहेबांनी माइक हातानं झाकला. मला हळूच म्हणाले, "पाया पड."

शेठनी पाय आधीच पुढे केले होते. मी वाकले. फोटो निघाला. फोटोवाला म्हणाला, "ताई, नीट आला नाही. परत एकदा वाका."

मी परत वाकले.

त्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. दादासाहेब तिचे अध्यक्ष. मोठे वकील. शहरात त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी मुलं जगवली, हे खरं आहे. तेही सांगते. पण जगवलेल्या मुलांवर माणूस किती वर्षं मालकी सांगतो, ते मी अंगावर सोसलंय.

नाना चाळीसगावला रेल्वेत गँगमन होते. रुळावर घण मारून मारून त्यांचे तळवे लाकडासारखे झालेले. मूलबाळ नव्हतं. मी तीन महिन्यांची असताना त्यांनी आणि मायनं मला त्या संस्थेतून दत्तक घेतलं. हे त्यांनी माझ्यापासून कधी लपवलं नाही. कचराकुंडीची गोष्टही मला लहानपणापासून माहीत होती. शाळेत पोरी भांडल्या की तेच काढायच्या. मी ऐकून घ्यायची. खरंच आहे म्हणून ऐकून घ्यायची.

दरवर्षी वर्धापनदिनाला नाना केळीचा घड खांद्यावर घेऊन धुळ्याला जायचे. संस्थेच्या दारात चपला काढायचे. आत सभेत दादासाहेब माझी गोष्ट दरवर्षी सांगायचे. त्या वर्षी निरोप आला, मुलीला आणा. नाही म्हणायचं नानांना सुचलंच नाही.

कार्यक्रम संपला. आम्ही चाळीसगावची पॅसेंजर पकडली. माय खिडकीशी बसली होती, पदराचं टोक दातात धरून. शिरूड गेलं. जामदा गेलं. मग एकदम म्हणाली,

"खोटं शे ते. बठ्ठं खोटं शे."

"चूप बैस," नाना म्हणाले.

"इतला वरीस चूपच ऱ्हायनू ना!" माय माझ्याकडे वळली. "तू कोठेच सापडनी नही. तुनी माय तठेच व्हती. तिनीच तुले मना हातमा दिन्हं."

डब्यात माणसं होती. बाजाराच्या टोपल्या होत्या.

मायनं सांगितलं ते असं. माझी आई अठरा-एकोणीस वर्षांची पोर होती. दिवस गेल्यावर तिला संस्थेत आणून ठेवलं होतं. बाळंतपण धुळ्याच्या दवाखान्यात झालं. मग ती संस्थेतच स्वयंपाकाला राहिली, मला पाजत. माय आणि नाना घ्यायला गेले, तेव्हा तिनं मला न्हाऊमाखू घातलं होतं. काजळ लावलं होतं. बाहेर आणून मायच्या हातात दिलं आणि म्हणाली, "उजव्या कुशीवर निजवा हिला. डाव्या कुशीवर रडते." मायनं तिला नाव विचारलं. तेवढ्यात आतल्या बाईंनी तिचा दंड धरून तिला आत ओढलं.

मग माय आणि नानांना देवाच्या फोटोवर हात ठेवायला लावला. कुणाला सांगाल तर पोर परत घेऊ, असं बजावलं. तेव्हापासून नाना घाबरलेले. मी नोकरीला लागले तरी घाबरलेले.

मला रडू आलं नाही. माझे कान तापले. मला मुंग्या लागल्या नव्हत्या. मला काजळ लावलं होतं. आणि त्या काजळ लावणाऱ्या पोरीला हा माणूस दरवर्षी भर सभेत लेकरू टाकणारी म्हणत होता.

माझ्याकडे जन्माचा दाखला होता. त्यावर आई म्हणून माय, बाप म्हणून नाना. तो दत्तक झाल्यानंतर बनवलेला. त्याच्या आधीचा एक असणार. दवाखान्यात बाळ झालं की नोंद होते. ती माहिती मी स्वतः रोज भरत होते. कळा देऊन थकलेल्या बाईच्या उशाशी बसून विचारायची, "बाई, पूर्ण नाव सांगा." कुणीतरी माझ्या आईलाही असंच विचारलं असेल. तिनं सांगितलं असेल.

सुटी काढून धुळ्याला नगरपालिकेत गेले. जन्म-मृत्यूच्या खिडकीवर अर्ज दिला. कारकुनानं माझा दाखला उलटसुलट केला.

"हा आहे की तुमचा दाखला."

"हा नंतरचा आहे. मला मूळचा पाहिजे."

"याच्यावर आईबाप आहेत ना? अजून किती आईबाप पाहिजेत तुम्हाला?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. मी खिडकीपासून हटले नाही. मग त्यानं सांगितलं, ती नोंद बंद आहे, संस्थेचं पत्र आणा.

पत्र दादासाहेबांच्या हातात. त्यांच्या घरी, पुढच्या खोलीत ऑफिस होतं. त्यांनी मला बस म्हटलं. चहाही मागवला. कशाला आले ते ऐकलं आणि चष्मा काढला.

"कशाला उकरतेस? त्या गरिबांनी काही कमी केलं का तुला?"

"नाही. पण मी कचराकुंडीत सापडले नव्हते. मग तुम्ही तसं का सांगता?"

वाटलं, चपापतील. चपापले नाहीत.

"सांगावं लागतं," ते म्हणाले. "आई धडधाकट होती, स्वतः देऊन गेली, असं सांगितलं तर लोक देणगी देतील का? लोकांना दया यावी लागते. त्यावर इथली पोरं जेवतात. तूही जेवलीस."

"मला मूळ दाखला द्या."

"त्या बाईच्या अब्रूचा प्रश्न आहे. तिला आम्ही शब्द दिलाय."

"तिची अब्रू तर तुम्ही दरवर्षी माइकवर काढता."

आता मात्र त्यांचा आवाज चढला. "जिभेला हाड ठेव. आम्ही नसतो तर आज तू कुठं असतीस, माहीत आहे? बाजारात बसली असतीस."

चहा आला होता. मी तो तसाच ठेवून उठले.

पंधरवड्यात दवाखान्यात मेट्रननं बोलावलं. "वरून फोन होता. तू कुठं काय भांडणं उकरून काढतेस? बदली पिंपळनेरला होईल हं." मी म्हटलं, "होऊ द्या. तिथंही बाया बाळंत होतात."

दादासाहेबांनी नानांना धुळ्याला बोलावून घेतलं. मी सुटीला चाळीसगावला घरी आले होते. नाना जायच्या आधी माझ्याजवळ आले. इतकी वर्षं न विचारलेलं तोंडातून निघालं.

"बेटा, आमनं काय कमी पडनं?"

"काही नाही, नाना. तुम्हीच माझे बाप. मायच माझी माय. पण जिनं जन्म दिला तिचं नाव ह्या माणसाच्या कपाटात कोंडलेलं का राहावं?"

नानांनी पायात चपला सरकवल्या. टोपी घातली आणि गेले.

दुपारी परत आले. हातपाय धुतले. माय ताट वाढत होती. नाना ताटावर बसले, पण हात घातला नाही.

"माले खुर्ची दिन्ही नही," ते म्हणाले. "उभाच ऱ्हायनू. म्हने पोरले आवरा. म्हने दत्तकना कागदमा चूक निंघू शकस. म्हने उपकार इसरनात."

माय घाबरली. "मंग?"

"मंग मी म्हनं, साहेब, आम्ही पोर लिधी. उपकार नही लिधा."

पोर घेतली, उपकार नाही घेतला, एवढं बोलून ते जेवायला लागले. माझ्या बापानं आयुष्यात पहिल्यांदा साहेबाला उलट उत्तर दिलं होतं. त्यानंतर केळीचा घड धुळ्याला गेला नाही.

मग त्याच ऑफिसात यायचा मला निरोप आला. मी गेले. दादासाहेबांचा आवाज मऊ झाला होता. संस्थेच्या सेक्रेटरीबाईही बसल्या होत्या. मायच्या सांगण्यातल्या आतल्या बाई त्याच. केस पिकलेले, पदर खांद्यावर पिनेनं नीट लावलेला. माझ्या आईचा दंड धरणारा तो हात मी पाहिला. त्या हातात घड्याळ होतं.

टेबलावर एक जुना, पिवळा कागद घडी करून ठेवला होता. त्यावर दादासाहेबांचा पंजा.

"हा तुझा मूळ दाखला," ते म्हणाले. "इथं बसून वाच. नक्कल मिळायची नाही. अर्ज मागे घेतला असं लिहून दे. आणि वर्धापनदिनाला येत जा. शेठ विचारत होते तुझ्याबद्दल. दोन शब्द बोल, लोकांना बरं वाटतं."

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "एवढं कुणासाठी करत नाहीत हो दादासाहेब. तू नशीबवान."

त्यांच्या बोटांच्या फटीतून निळी शाई दिसत होती. एखाद्या अक्षराचा काना दिसत होता. माझ्या आईचं नाव माझ्यापासून वीतभर लांब होतं. लिहून द्यावं, वाचावं आणि पळत सुटावं, असं वाटलं. नाव तर कळेल. त्या पोरीला मनातल्या मनात हाक मारायला नाव तर असेल.

मग मला दिसलं, हा पंजा तोच. स्टेजवर डोक्यावर ठेवलेला. आधी डोक्यावर, आता कागदावर. मी सही केली की मी पुन्हा सापडलेली. ह्या वेळी माझ्याच अक्षरात.

मी उभी राहिले.

"हात काढा त्याच्यावरून."

त्यांनी काढला नाही.

"हा कागद दाखवायला तुमचा नाही. माझा आहे म्हणून द्यायचा असेल तर द्या. दाखवायचा असेल तर मला बघायचा नाही."

"मग काय करशील?"

"कोर्टात जाईन."

दादासाहेब मनापासून हसले. "धुळ्याच्या कोर्टात? माझ्याविरुद्ध?"

मी बाहेर आले. स्टँडपर्यंत चालत गेले आणि बाकावर बसले. नंतर किती महिने मला तो निळा काना दिसायचा. बाईचं नाव विचारून लिहिताना हात थांबायचा. वाचायला पाहिजे होतं, असं वाटायचं. कधीकधी आजही वाटतं. पण उठले याचा पश्चात्ताप नाही.

पिंपळनेरला बदली झाली. धुळ्यात माझं वकीलपत्र घ्यायला कुणी तयार होईना. सगळ्यांना रोज कोर्टात दादासाहेबांच्या शेजारी बसायचं होतं. शेवटी जळगावच्या एका वकीलबाईंनी घेतलं. दावा लागला. तारखा पडत गेल्या. तारखेला नाना माझ्याबरोबर यायचे आणि कोर्टाच्या खोलीत बाकावर बसायचे. उभे राहायचे नाहीत.

एका तारखेला मला पिंजऱ्यात उभं केलं. संस्थेचे वकील गोड बोलत होते. त्यांनी विचारलं, "समजा, ती बाई सापडली. आज ती संसारात आहे. तुम्ही दारात गेलात आणि ती म्हणाली, मी तुला ओळखत नाही, चालती हो. तर काय कराल?"

कोर्टातले सगळे माझ्याकडे बघत होते. दादासाहेबही बघत होते. त्यांना वाटलं, ह्या प्रश्नावर मी मोडणार.

मी म्हटलं, "तर चालती होईन. पुन्हा त्या दारात जाणार नाही. पण नाही म्हणायचं ते तिनं. तिच्या तोंडानं. दादासाहेबांनी तिच्या वतीनं नाही. हे लिहून घ्या."

लेखनिकानं न्यायाधीशांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्यानं लिहून घेतलं.

निकाल माझ्याविरुद्ध गेला. कोर्टानं म्हटलं, मूळ नोंद उघडणं माझ्या हिताचं नाही. माझं हित जन्मल्यापासून दुसरेच ठरवत आलेत. मला कुणी विचारलेलं नाही.

मी अपील केलंय. ते फेटाळलं तर हायकोर्टात जाईन. लोक सांगतात, दादासाहेब आता थकलेत, काठी घेऊन चालतात, सोडून दे म्हातारपणी. मी सोडणार नाही. ते गेले की कपाटाची किल्ली त्यांच्या मुलाकडे जाईल. मग दावा त्याच्यावर लावीन.