साडूंचा तांबडा खडा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. पण माझ्या साडूंइतका आशावादी माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात झाला नाही, हे सांगायलाच हवं. आणि मी त्यांच्याशी कसा वागलो, तेही.

कंडक्टरकीतून निवृत्त होऊन ते पवनीजवळ राहायला आले. तलावात रत्नं सापडतात, असं त्यांनी मोबाइलवर कुठंतरी पाहिलं. झालं! उन्हाळ्यात पाणी ओसरू लागलं की मेहुणीचं धान पाखडायचं सूप घेऊन हे गुडघाभर पाण्यात. सूप हलवताना जुन्या सवयीनं दगडांनाही "पुढं सरका, पुढं सरका" म्हणत. ओला दगड चमकतो आणि वाळला की विझतो, हे नवशिक्याला कोण सांगणार? त्यांनी सगळे दगड घरीही पाण्यातच ठेवले. भात शिजवायचा गंज, बादल्या, पाहुण्यांचा तांब्यासुद्धा अडकला. भात कशात शिजवू, असं मेहुणीनं विचारलं तेव्हा म्हणाले, "गोटा पाण्याबाहेर रुसते. तू थोडी रुसतं!"

नाकाडोंगरीकडच्या खाणीत माझी सारी नोकरी झाली, म्हणून त्यांच्या लेखी मी रत्नपारखी. दर रविवारी तलावाच्या पाळीवर ते दगड बांधलेला ओला रुमाल सोडत. मी सांगायचो, ही गारगोटी, हा विटेचा तुकडा. ते तेवढ्याच उत्साहानं पुढचा दगड काढत.

एका रविवारी रुमालातून बोराएवढा तांबडा खडा निघाला. मी तो पुसून उन्हात धरला. वाळल्यावरही डाळिंबाच्या दाण्यासारखा आतून पेटलेला. अस्सल तामडा, म्हणजे खरंखुरं रत्न. साऱ्या नोकरीत माझ्या हाती असा एकही लागला नव्हता, आणि यांना तो सुपात मिळाला होता.

"भाऊ, हा तरी खरा हाये न? हिच्या आंगठीतला खडा कवाचा पडला. तिथं बसवतो म्हणतो."

"बाटलीची काच होय," मी म्हणालो.

ते मनापासून हसले. गुरांच्या पायात जाईल म्हणून त्यांनी तो खोल पाण्यात भिरकावला. मी तोंड उघडलं, तोवर पाण्यावर वर्तुळं उठली होती.

पुढं कितीतरी उन्हाळे ते शोधत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते खाटेला खिळले, तेव्हा मी ठरवूनच गेलो. त्यांनी उशाचा, दगडांनी भरलेला तांब्या माझ्याकडं सरकवला. "या उन्हाळ्यात सापडते पाहा. पारखाले तुमी हायेच."

उन्हाळा आला, ते नव्हते. आता त्याच सुपानं मी तलाव चाळतो. ते मेहुणीनंच दिलं; तिच्या अंगठीचं कोंदण अजून रिकामं आहे. पाण्यात सगळेच दगड चमकतात. घरी नेऊन वाळवतो, एकही पेटत नाही. आणि त्या खाटेपाशी ओठांवर आलेलं वाक्य तिथंच राहिलंय : साडूभाऊ, ती काच नव्हती. मला तुमचा हेवा वाटला होता.