गॅरंटी कार्डावरचं नाव

मिक्सरची मोटर तापल्याचा वास आला की मला कल्याणच्या बाजारातलं ते दुकान आठवतं. ऑपरेशन करून बाबांचं अर्धं पोट काढलेलं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, सगळं गंधासारखं बारीक वाटून द्या. पाट्यावर वाटून वाटून आईची मनगटं सुजली, तेव्हा आम्ही तिघं ठाकुर्लीहून रिक्षाने मिक्सर बघायला गेलो. दुकानदाराने सगळ्यात मोठ्या मोटरचा मिक्सर काढला, त्यात भिजवलेले चणे टाकले आणि बटण दाबलं. काउंटरची काच थरथरली, तापलेल्या मोटरचा उग्र वास सुटला, आणि बाबांनी नकळत पोटावर हात धरला. चण्यांचं लोणी झालं. किंमत ऐकून आई कुजबुजली, "अहो, राहू दे. थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे." बाबा लवकरच पोळी खायला लागतील, एवढंच तिला म्हणायचं होतं, पण बोलून गेल्यावर तिने ओठ घट्ट मिटले. बाबा तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पॅक करा." दुकानदाराने पाच वर्षांचं गॅरंटी कार्ड पुढे ओढलं. "नाव काय लिहू?" आमच्या घरात सायकलच्या पावतीवरसुद्धा बाबांचंच नाव असायचं. ते म्हणाले, "हिचं लिहा." "अहो, माझं कशाला?" आईने विचारलं. ते नोटा मोजायला लागले. पावसाळ्याआधी रेशनकार्ड आणि लाईटबिलही आईच्या नावावर झालं. मागच्या महिन्यात मी नवा मिक्सर घेतला. दुकानातल्या मुलीने नाव विचारलं, तेव्हा बायको शेजारी उभी असताना मी घाईघाईने, जरा मोठ्यानेच, माझं सांगितलं.