पार्सल पाठवणारा माणूस

दोरीने बांधलेलं ते पाकीट अजून डोळ्यांपुढून जात नाही. मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मीच पहिला, आणि तिथलं लिहिणंही परीक्षेपुरतंच. जमेल तसं सांगतो.

कॉम्प्युटरवरून वस्तू मागवणं शहरात नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या भागात ते फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. युसूफ वडगाव या गावच्या बाजारात कपड्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ, मी फौजदार होतो त्या पोलीस ठाण्यात तक्रारी अर्ज घेऊन आले.

"सुनेला कुणीतरी पार्सल धाडतंय, साहेब. दोनदा आलं. पोस्टमननं पैसे मागितले न्हाईत. फुकट कोन देतंय? त्याला धरून आणा."

"आत काय आहे?"

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि मान खाली घातली. "बायकांचे आतले कपडे. परक्या माणसानं असलं धाडायचं कावून?"

सून पुण्यात वाढलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तो माणूस कोण हे कळेपर्यंत तिला माहेरी पाठवलं होतं.

स्टेशन डायरीत नोंद करून मी आधी पोस्टमनला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, असलंच पाकीट बँकेतल्या साहेबांच्या बाईला बी येतं. पत्ता छापील, हातानं लिवलेलं कायच न्हाई. पिरमाचं पार्सल असं असतंय व्हय?"

सून माहेराहून भावासोबत जबाबाला आली. माझ्यासमोर तिने तोंड उघडलं नाही. शेवटी मी व्हरांड्यात जाऊन बसलो आणि महिला शिपायाला आत पाठवलं. दाराआडून ऐकू येत होतं.

"बाई, कोन हाय त्यो? खरं सांग, आमी काय खातो का तुला?"

"कोणी नाही हो, ताई. पुण्यातल्या मैत्रिणीने कॉम्प्युटरवरून मागवलं. पैसेही तिनेच भरले."

"आगं, सासऱ्याचं दुकानच हाय की!"

"तेच तर. तिथे सासरे, शेजारी चुलत सासरे, पलीकडे दीर. सासूबाई हयात नाहीत. माप कोणाला सांगू? पुण्यात दुकानदार मला ओळखत नव्हता, म्हणून लाज वाटायची नाही."

शिपाईबाईने बाहेर येऊन मैत्रिणीचा नंबर माझ्या हातात दिला.

मैत्रिणीने फोनवर तेच सांगितलं, पार्सल धाडणाऱ्या कंपनीनेही दुजोरा दिला. मी सासऱ्यांना बोलावून सगळं समजावलं.

"म्हंजी माणूस न्हाईच?"

"नाही."

"मंग बाजारात काय सांगू? सगळ्यांला म्हाईत झालंय. घरचं दुकान सोडून सुनेनं असलं बाहेरून कावून मागवलं, ह्ये कोनत्या तोंडानं सांगायचं?"

कोणीतरी माणूस पाठवत होता, असं मी म्हणालो असतो तर त्यांना सोपं गेलं असतं. त्याला शिव्या देता आल्या असत्या. मी 'तक्रारीत तथ्य नाही' असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. सुनेला परत आणायला मात्र कोणी गेलं नाही. पाकीटही टेबलावरच राहिलं. ते शिपाईबाईने तिच्या माहेरी टपालाने पाठवलं.

प्रत्येक वस्तूमागे माणूस शोधायची आमची नोकरी. कोणीच नसतं तेव्हा ते लोकांना पटवायचं कसं, हे मला शेवटपर्यंत जमलं नाही.

आता माझ्याही घरी सून आहे. तिच्या नावाचं पार्सल आलं की मी सही करून तिच्या हातात देतो. आत काय आहे, ते विचारत नाही.