परेरा सिस्टरांचा बारीक आवाज

परेरा सिस्टरांशी माझी पहिली ओळख फोनवर झाली आणि तिची सुरुवात माझ्या चुकीने झाली. मीरा-भाईंदरची महानगरपालिका तेव्हा नुकतीच झाली होती. आम्ही लालबाग सोडून जेसल पार्कला राहायला आलो होतो. जवळच्या प्रसूतिगृहात नर्स हवी असल्याचे कळले म्हणून मी फोन लावला. पलीकडून इतका बारीक, कोवळा आवाज आला की नंबर चुकून कुणाच्या तरी घरी लागला असे मला वाटले. मी म्हणाले, "बाळा, घरात मोठं कुणी आहे का?"

मग तोच आवाज म्हणाला, "मी इथली हेड नर्स बोलतेय. उद्या दहा वाजता या. सर्टिफिकेटं विसरू नका."

दुसऱ्या दिवशी समोर उभ्या होत्या त्या उंच, रुंद खांद्यांच्या, केस पिकू लागलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. मी क्षमा मागू लागले तर त्यांनी हाताने थांबवले आणि माझे कागद तपासायला घेतले.

माझी स्थिती नेमकी उलट. माझा आवाज लहानपणापासून जाड. फोनवर लोक मला 'भाईसाब' म्हणत. लग्न ठरवताना माझ्या आईने मला कमी बोलायची ताकीद दिली होती. त्यामुळे मला आवाज ओढून, दाबून बोलायची सवय लागली होती. मी कामाला लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात सिस्टरांनी मला बाजूला घेतले. आवाज दाबल्यामुळे माझे अर्धे शब्द गळतात, पेशंटला सगळे ऐकू आले पाहिजे, तेव्हा जसा आहे तसा आवाज लावा, असे त्यांनी सांगितले. तो चांगला की वाईट याबद्दल एक अक्षरही काढले नाही. त्या दिवसापासून मी मोकळेपणी बोलू लागले.

सिस्टरांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. बाळंतिणीच्या कपाळाला नुसता हात लावून त्या ताप किती असेल ते सांगत आणि मगच थर्मामीटर लावत. तरीही नातेवाईक त्यांचे सगळे ऐकून घेत, मान डोलवत आणि नंतर माझ्याकडे येऊन हळूच विचारत, "मॅडम, वो सही बोल रही है ना?" मी त्या वेळी सहा महिन्यांची नर्स आणि सिस्टरांना अठ्ठावीस वर्षांचा अनुभव! सिस्टरांना हे दिसत असे. मला मात्र ते विचारणे थोडे सुखावत होते, हे आज कबूल करते.

मग ती दुपार आली. सकाळी सिझेरियन झालेली एक तरुण बाई दोनच्या सुमारास अस्वस्थ झाली. ती सारखे पाणी मागत होती. सिस्टरांनी नाडी पाहिली, बीपी घेतले, पोटावर हात ठेवला. पहिला फोन करण्याआधीच त्यांनी तिच्या नवऱ्याला रक्ताचा नमुना आणि चिठ्ठी देऊन रक्तपेढीकडे पाठवले. आमचे डॉक्टर काशीमीऱ्याच्या पलीकडे दुसऱ्या रुग्णालयात होते. सिस्टरांनी फोनवर आकडे सांगितले. डॉक्टरांनी त्यांना घाबरू नका, सलाईन वाढवा, मी पाचपर्यंत येतो, असे सांगितले. दहा मिनिटांनी सिस्टरांनी पुन्हा फोन केला. नाडी आणखी वाढली होती. या वेळी पलीकडचे शब्द मलाही ऐकू आले: "सिस्टर, आधी तुम्ही शांत व्हा बघू."

त्या खोलीत शांत असे एकच माणूस होते आणि त्या म्हणजे परेरा सिस्टर. पण फोनवर त्यांचा आवाज भेदरलेल्या मुलीसारखा लागत असे, आणि डॉक्टर तोच ऐकत होते.

सिस्टरांनी फोन ठेवला, तिसऱ्यांदा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. "कदम, तुम्ही बोला. मी सांगते तेवढंच. एक शब्द जास्त नको."

त्या माझ्या कानाशी एकेक वाक्य सांगत गेल्या आणि मी ते माझ्या जाड आवाजात म्हणत गेले. "सर, पल्स एकशे तीस. बीपी ऐंशी-पन्नास. खालून रक्तस्राव नाही, पण पोट ताठ होतंय. आतून रक्त जातंय असं वाटतंय. तुम्ही आत्ता यायला हवं."

"निघालो," डॉक्टर म्हणाले. "ओटी तयार ठेवा."

ऑपरेशन थिएटर सिस्टरांनी आधीच तयार ठेवले होते. हायवेवरच्या ट्रकांमधून वाट काढत डॉक्टर पोहोचले, रक्तही आले. एक रक्तवाहिनी आतून वाहत होती. ती बांधली गेली. सहा वाजता त्या बाईने डोळे उघडून बाळाबद्दल विचारले, तेव्हा मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. तसा सुटकेचा श्वास मी आयुष्यात फार थोड्या वेळा घेतला आहे.

हात धुताना डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही डोकं शांत ठेवलंत म्हणून वाचली ती."

मी गप्प राहिले. सिस्टर तिथेच होत्या. त्यांनी मला फक्त चादर बदलायला सांगितली.

पुढचे चार दिवस मला अन्न गोड लागले नाही. पाचव्या दिवशी राउंडच्या वेळी, त्याच बाईच्या खाटेपाशी, मी धीर करून डॉक्टरांना म्हणाले, "सर, त्या दिवशी आवाज माझा होता. शब्द परेरा सिस्टरांचे होते. त्यांनी हेच आकडे तुम्हाला आधी दोनदा सांगितले होते."

डॉक्टरांनी केसपेपर उघडून त्या दुपारच्या नोंदी पाहिल्या. मग त्यांनी सिस्टरांना विचारले, "दोन्ही वेळा पल्स सांगितली होती?"

"दोन्ही वेळा, सर."

"मला तुमची भीतीच ऐकू आली."

"मी घाबरले नव्हते," सिस्टर म्हणाल्या. "आवाज असाच आहे माझा, तो काही आता बदलायचा नाही. पण यापुढे फोनवर आमच्यापैकी कुणीही असलं तरी तुम्ही आकडे परत म्हणून दाखवत जा. तेवढं करा, सर."

डॉक्टरांनी सर्वांसमोर त्यांची क्षमा मागितली आणि त्यांचे म्हणणे मान्य केले. फोनच्या वर सिस्टरांच्या अक्षरात कागद चिकटवला गेला: आधी नाडी, मग बीपी, मग लक्षणे, डॉक्टरांनी परत म्हणायचे, मगच फोन ठेवायचा. त्यानंतर कितीतरी नवख्या मुली, बारीक आवाजाच्या, अडखळत बोलणाऱ्या, त्या फोनवर बोलल्या. डॉक्टर प्रत्येकीचे आकडे परत म्हणत. एकीलाही 'आधी शांत व्हा' असे ऐकावे लागले नाही.

माझ्याबद्दल सिस्टरांच्या मनात काही राहिले असेल ही धास्ती मला होती. त्याच रविवारी त्यांनी मला तारोडी गावातल्या आपल्या घरी जेवायला बोलावले. त्यांच्या आईंनी माझा आवाज ऐकून हसत म्हटले, "आमचे पोरीचा आवाज काय मोठा झालाच न्हाय. तुझा बरा हाय." जेवणानंतर सिस्टरांनी सांगितले की प्रशिक्षणाच्या काळात एका शिक्षिकेने त्यांना आवाज जाड करायला लावला होता. त्यांनी वर्षभर प्रयत्न केला, घसा सुजला, तेव्हा सोडून दिला. मी चार दिवस गप्प राहिल्याबद्दल विचारले तर म्हणाल्या, "पाचव्या दिवशी बोललात ना." एवढेच. निघताना त्यांनी सुक्या बोंबलांचा पुडा माझ्या पिशवीत घातला.

यंदा, साठीला टेकलेल्या सिस्टरांनी आम्हा सर्वांची झोप उडवली. त्यांच्या स्वरतंतूवर लहानशी गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली आणि तीन आठवडे बोलायचे नाही अशी सक्त सूचना होती. तरी दुसऱ्या आठवड्यात त्या वॉर्डात आल्या, गळ्यात वही अडकवून. गाठीचा रिपोर्ट निर्धोक आला त्या दिवशी आम्ही पेढे वाटले. तपासणीच्या वेळी मी सोबत होते. घशाच्या डॉक्टरांनी चांगल्या मनाने सुचवले की आता व्यायाम करून आवाज थोडा खाली आणता येईल, लोकांवर छाप पडेल. सिस्टरांनी वहीत लिहिले: "नको."

तीन आठवडे संपले त्या सकाळी मी औषधांच्या कपाटापाशी होते. व्हरांड्याच्या टोकाकडून तोच बारीक, कोवळा आवाज आला, "सात नंबरच्या बाळाला दूध पाजलं का?" आम्ही चौघीजणी एकदमच "हो सिस्टर" म्हणालो. त्यानंतर थोडा वेळ कुणालाच काम सुचले नाही.

आदरणीय परेरा सिस्टर, साठी पूर्ण होताना आपली प्रकृती ठणठणीत राहो. या गावात जन्मणाऱ्या आणखी हजारो बाळांच्या कानावर आपला आवाज पडो. आणि आपण जे बोलाल ते लोकांनी पहिल्या खेपेलाच ऐकावे, एवढे आमच्याकडून घडो.